बारा नंबरची अक्षदा

झर्र्र्र्र...

खिडकीतल्या स्टीलच्या ताटलीत ठेवलेला फोन थरथरला आणि ताटलीसकट गोल फिरायला लागला. तोवर घर इतकं गप्प होतं की या घरात मी एकटीच राहते असं मला दहा मिनिटं वाटून गेलं होतं. मी धावत जाऊन ताटली पोटाशी धरली. अक्षदानं कूस बदलली, काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा झोपली. वाचले.

माझी लेक साडेचार वर्षांची. दुपारी एक ते अडीच झोपते, आणि तो दीड तास म्हणजे माझं ऑफिस. फोन ताटलीत का, तर आमच्या निरगुडसरच्या घरात रेंज फक्त त्या खिडकीत येते आणि खाली ताटली ठेवली की एक दांडी जास्त येते, असा शोध गोरखनं लावलाय. गोरख माझा नवरा. खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर तबकड्या फिरवणाऱ्या मोटारी सांभाळतो, त्यामुळं तबकडी, ताटली, परात असल्या विषयांत त्याचा शब्द घरात शेवटचा.

मेसेज यशोधरामॅडमचा होता. "अकरा ठीक. बारा नंबर ठार अंधार. पाच वाजता नवीन ऑर्डर जाते. तोवर कारण सांग, नाहीतर बारा काढून टाकते."

मी लॅपटॉप उघडला.

मी काय काम करते हे आमच्या आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, गल्लीत सांगून ठेवलंय : "आमची सून पुन्याच्या किड्यांना चिठ्ठ्या लिवती." मी दोन-तीनदा दुरुस्त करायला गेले आणि मग नाद सोडला, कारण याहून नेमकं मलाही सांगता येत नाही. किडे म्हणजे जिवाणू आणि चिठ्ठी म्हणजे मेसेंजर आरएनए. पेशीचा सगळा कारभार ज्या मूळ पोथीत लिहिलेला असतो ती जागची हलत नाही. लागेल तेवढा उतारा एका चिठ्ठीवर उतरतो. मग रायबोसोम नावाचं यंत्र त्या चिठ्ठीच्या सुरुवातीला येऊन बसतं आणि तीन-तीन अक्षरांचा एकेक शब्द वाचत पुढं सरकतं. एका शब्दाला एक मणी. मण्यांची माळ पुरी झाली की झालं प्रथिन.

गंमत पुढं आहे. बहुतेक मण्यांसाठी दोन, चार, कधी सहासुद्धा वेगवेगळे शब्द चालतात. कुठलाही घाला, मणी तोच, माळ तीच. पण एका चिठ्ठीवरून हजार माळा होतात आणि दुसरीवरून दहासुद्धा होत नाहीत. असं का, हा आमचा प्रकल्प. बारा चिठ्ठ्या, सगळ्या एकाच प्रथिनाच्या, निळ्या उजेडात हिरवंगार चमकणाऱ्या. फक्त प्रत्येकीची सुरुवात वेगळी. मी इथं लॅपटॉपवर चिठ्ठ्या रचायच्या, कुठली किती चमकेल ते आधीच लिहून द्यायचं, आणि पुण्यात मॅडमच्या प्रयोगशाळेत त्या बाहेर ऑर्डर देऊन बनवून घ्यायच्या आणि जिवाणूंत घालून बघायच्या.

बारा नंबरपुढं मी काय लिहिलं होतं? "सर्वांत उजळ."

आणि तीच काळी ठिक्कर.

नुसती लाज गेली असती तर चाललं असतं. पण मला हे काम घरून करू देण्यासाठी मॅडम प्रकल्पाच्या समितीशी भांडल्या होत्या. "पोरगी हुशार आहे, लेकरू लहान आहे, लॅपटॉपला गाव कळत नाही," असं त्या म्हणाल्या होत्या म्हणे. समितीनं एक वर्ष दिलं. ते वर्ष पुढच्या महिन्यात संपत होतं आणि समिती हेच बघणार होती, की घरी बसून या बाईनं केलेले अंदाज खरे ठरतात का. नाही ठरले तर रोज पुण्याला जा नाहीतर काम सोडा. रोज पुणे म्हणजे अक्षदा उठायच्या आधी निघायचं आणि ती पेंगताना परत यायचं. मंचरच्या स्टँडवर उभी राहून मी तो हिशेब मनात कितीदा तरी मांडलाय. दर वेळी उत्तर एकच येतं.

आता एक गोष्ट सांगते, जी मॅडमना ठाऊक नव्हती.

बारा नंबरच्या चिठ्ठीत सुरुवातीच्या सात मण्यांची निवड माझ्यावर सोडलेली होती, काहीही घाला म्हणून; तोवर तिथं तात्पुरते मणी होते. त्या दिवसांत अक्षदाला आपलं नाव लिहून घ्यायचं वेड लागलेलं. पिठाच्या डब्यावर लिही, गोठ्याच्या दारावर लिही, आजीच्या चपलेवर लिही. मी शेवटची फाईल पुरी करत होते आणि ती मांडीवर चढून म्हणाली, "ह्यात पण माझं नाव लिही." मी हसले आणि थबकले. मणी वीस प्रकारचे असतात आणि प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर असतं. ए, के, एस, एच, ए, डी, ए. सातही मणी आहेत! सात जागा, सात मणी. मी लिहिलं. लेकीला दाखवलं. तिनं लॅपटॉपच्या पडद्याचा पापा घेतला, अजून तो डाग आहे. आणि मी फाईल पाठवून दिली.

त्यामुळं त्या दुपारी मी सगळीकडं चूक शोधली, नाव सोडून. मुळात नावावर संशय घ्यायचं मनातच येईना. चमकणाऱ्या प्रथिनाचा मजकूर तपासला. बरोबर. रायबोसोम जिथं येऊन बसतो ती जागा तपासली. बरोबर. चिठ्ठीला कुठं घडी पडते का, तेही आधीच बघितलेलं; माझ्या वहीत स्पष्ट लिहिलं होतं : "बारा नंबर, घडीची तपासणी झाली, सुरुवात मोकळी." मग अंधार का?

अडीच वाजले. गादीवर बघते तर अक्षदा नाही.

मागच्या दारानं बाहेर आले. टोमॅटोचा प्लॉट संपला होता आणि आत्या आणि बायडाबाई ठिबकच्या नळ्या गुंडाळत होत्या. बायडाबाई आमच्या शेजारच्या. कामाला दोन हात आणि बोलायला चार तोंडं. नळी गुंडाळायची आत्यांची रीत ठरलेली. नळीचं तोंड, म्हणजे जे टोक पुढच्या हंगामात मोठ्या पाइपाला जोडायचं, ते हातभर बाहेर सोडायचं, त्याला लाल फडकं बांधायचं, आणि मग वेटोळी घालून सुतळीनं आवळायचं. तोंड बाहेर असलं की पुढच्या वेळी फडकं धरून चालत सुटायचं, नळी आपोआप उलगडत येते. गेल्या वर्षी मी हौसेनं एक बंडल केलं होतं, तोंड आत घेऊन, एकदम नीटनेटकं. ते सोडवताना शेवटी कापावं लागलं. त्या बंडलाची कथा आत्या अजून पाहुण्यांना चहाबरोबर सांगतात.

"अश्विने!" आत्यांचा आवाज गोठ्याच्या भिंतीवर आपटून परत आला. "हिकडं ये. तुजाच हात लागलेला दिसतोय ह्याला!"

भिंतीलगत सकाळपासूनची दहा-बारा बंडलं मांडलेली होती आणि एकाचंही फडकं दिसत नव्हतं.

"मी नाही, आत्या. मी सकाळपासून इकडं फिरकलेसुद्धा नाही."

"मग काय बिबट्यानं येऊन आत खुपासली व्हय तोंडं?"

"बिबट्या कोंबडी न्हील, नळी कशाला शिवल?" बायडाबाई म्हणाल्या. "सूनबाईच असंल. शिकल्याली बाई, तिला बाहीर लोंबल्यालं बघवत न्हाई."

तेवढ्यात बंडलांच्या पलीकडून एक बारीक आवाज आला. "शूऽऽऽ!"

अक्षदा मातीत मांडी घालून बसली होती. शेवटच्या बंडलाचं लाल फडकं तिनं दोन बोटांनी वेटोळ्याच्या आत आत सारलं आणि वरून थापटलं.

"काय करतीस गं?" आत्यांनी कमरेवर हात ठेवले.

"बाळं झोपवलीत," ती कुजबुजली. "त्यांचं डोकं उघडं होतं, आजी. थंडी वाजली असती."

बायडाबाईंनी पदर तोंडाला लावला. आत्या तिच्यापुढं वाकल्या. मग म्हणाल्या, "आगं माजी आई, मी दोनदा तपासून बांदलं व्हतं एकेक. बांदल्यावर कुनी हात लावतं का?"

बांधल्यावर.

मी बारा नंबर तपासला होता, वहीत लिहिलंसुद्धा होतं. पण कधी? नाव घालायच्या आधी! सात जागांवर तात्पुरते मणी होते तेव्हा. लेक मांडीवर आली, मी लाडानं नाव आत सारलं, वरून थापटलं आणि फाईल पाठवली. बांधल्यावर.

"कुटं निघाली? ह्या नळ्या कोन उसकटनार?"

"आत्या, पाच वाजेपर्यंत सोडा मला. मग सगळी तोंडं मी बाहेर काढते. शपथ!"

"घ्या! पुन्याचे किडे बोलीवत्यात," बायडाबाई म्हणाल्या.

चिठ्ठी कागदासारखी सपाट नसते. ती दोऱ्यासारखी असते, आणि मोकळा दोरा स्वतःभोवती कसा गुंततो हे शिवण करणाऱ्या कुणालाही विचारा. तिची अक्षरं चारच, ए, यू, जी आणि सी, आणि ती एकमेकांना धरतात. ए आणि यू यांची पकड सैल. जी आणि सी यांची अशी की सुटता सुटत नाही. सुरुवातीलाच घट्ट घडी पडली की रायबोसोम बिचारा येतो, बसायला जागा शोधतो, मिळत नाही, निघून जातो. माळेचा पहिला मणीसुद्धा ओवला जात नाही. तपासणी म्हणजे हीच घडी आकड्यात मोजायची. आकडा शून्याजवळ असला तर सुरुवात मोकळी. जितका उणे तितकी गाठ घट्ट.

मी नावासकट तपासणी लावली. अक्षदा मांडीवर, हाताला माती, केसांत सुतळीचा तुकडा. आधीचा आकडा उणे चार होता.

आला उणे पंधरा.

आता शब्द नीट बघितले. जीसीसी, एएजी, एजीसी, सीएसी, जीसीसी, जीएसी, जीसीसी. सातांपैकी प्रत्येकाच्या शेवटी सी नाहीतर जी. हे शब्द माझ्या हातातून आले कसे? आणि मग मलाच हसू फुटलं. एमएस्सीला दोन वर्षं मी माणसाच्या पेशींवर काम केलं होतं. माणसाच्या पेशीत हेच शब्द सगळ्यात जास्त चालतात, ते मला तोंडपाठ. बाकीच्या अकरा चिठ्ठ्या मी जिवाणूंच्या शब्दांचा तक्ता समोर ठेवून लिहिल्या. लेकीचं नाव मात्र न बघता, सवयीनं, माणसासारखं लिहिलं. त्या सी-सीनी रायबोसोमच्या बसायच्या जागेतल्या जी-जींना मिठी मारली आणि दार बंद करून टाकलं.

एकेक शब्द ताडून बघेपर्यंत चार वीस झाले होते. दोन वाटा होत्या. नाव काढून टाकायचं. चिठ्ठी मोकळी, मॅडमना कधी कळणारही नाही. किंवा नाव ठेवायचं आणि सातही शब्दांचं फक्त शेवटचं अक्षर बदलायचं. जीसीसीच्या जागी जीसीए. एएजीच्या जागी एएए. एजीसीचं एजीयू. मणी तेच, नाव तेच, घडी सैल. करून बघितलं तर उणे चारच्या आसपास आलं. पण मग मॅडमना सगळं सांगावं लागणार होतं.

खिडकीशी जाऊन फोन लावला. ताटली हातातच होती, का कुणास ठाऊक.

"बोल," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, सुरुवातीला घडी पडलीय. पहिल्या सात शब्दांमुळं."

"ते तू तपासलं होतंस."

"तपासल्यावर बदललं, मॅडम."

"का?"

मी अक्षदाकडं बघितलं. ती केसांतली सुतळी काढून माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधत होती.

"तिथं माझ्या मुलीचं नाव आहे."

दांडी गेली की काय म्हणून मी ताटली उंच केली.

"ए, के, एस, एच..." मॅडम सावकाश वाचत होत्या. "अगं बाई. मी गेला आठवडाभर या तुकड्याचा कुठल्या जिवाणूशी संबंध लागतो का ते शोधतेय!"

"सॉरी, मॅडम."

"आणखी कुणाकुणाचं घातलंयस? अकरांत सासू-सासरे आहेत का?"

"नाही, मॅडम. एकच. मॅडम, ते काढता येईल, पण काढलं तर घडीमुळंच झालं हे कळणार नाही. नाव तेच ठेवलं, माळेत काडीचाही बदल केला नाही, नुसते सात शब्द बदलले आणि तरी ती चमकली, तर दोष मण्यांचा नव्हता, चिठ्ठीचा होता, हे सिद्ध होतं. मग जुनी बारा आणि नवी बारा शेजारी ठेवून दाखवता येईल."

पलीकडून पेनाच्या टोपणाची टकटक.

"आणि नाही चमकली तर?"

"तर मी रोज पुण्याला यायची तयारी करते."

"समितीपुढं सांगताना 'प्रायोगिक तुकडा' म्हणायचं. लेकीचं नाव वगैरे नाही."

"हो, मॅडम."

"पाठव. सतरा मिनिटं आहेत. आणि या वेळी तपासून झाल्यावर हात लावू नकोस."

मी पाठवलं. मग बाहेर जाऊन काळोख पडेपर्यंत बारा नळ्यांची तोंडं उकरून काढली. गोरख खोडदवरून आला तो मोटारसायकलवर बसूनच सगळी हकीकत ऐकत राहिला.

"आमी एवढ्या मोठ्या तबकड्या लावून बसलोय, आकाशातनं कुणी नाव घेऊन हाक मारंना," तो म्हणाला. "तू चिठ्ठीत नाव घालून मोकळी. पण येक सांग, पोरीचंच का? नवऱ्याचं बसत नाय का त्यात?"

"तुमच्या नावात ओ आहे. तो मणीच नसतो."

"घ्या! जिवाणूतबी माज्यासाठी जागा नाय."

"मग माजं?" आत्या आतून म्हणाल्या. त्यांना सगळं ऐकू येतं.

मी अक्षरं मोजली. "प्रयाग बसतं, आत्या. 'बाई' बसत नाही. बी नसतो."

"मग बाई काढ की!" त्या चुलीपाशी जाताजाता बोलल्या, आणि जरा वेळानं, कुणाला उद्देशून नाही असं, "माहेरी नुसतं परयागच म्हनायचे."

पुढचे तीन आठवडे मी ताटलीकडं बघायचं टाळलं. माहेराहून, आण्याहून, आईचा फोन आला तरी तो पुण्याचाच वाटायचा. आई विचारायची, "जेवलीस का?" आणि मी म्हणायचे, "अजून रिपोर्ट नाही." अक्षदा आता दर दुपारी झोपायच्या आधी बंडलांना बघून यायची. त्यांचं डोकं उघडंच ठेवायचं, असं आजीनं बजावलं होतं. ते तिला पटलेलं नव्हतं, पण ती ऐकत होती.

एका दुपारी सव्वा वाजता झर्र्र झालं. अक्षदा अजून जागी होती. मी फोन उचलला. फोटो. काळ्या पाटीवर तेरा परीक्षानळ्या, निळा उजेड. जुनी बारा काळी, आणि तिच्या शेजारी नवी बारा, हिरवी. कोवळ्या गव्हासारखी हिरवी. सगळ्यात उजळ नव्हती. चार नंबर आणि नऊ नंबर तिच्या पुढं होत्या.

खाली मॅडमचे चार शब्द, त्यांच्या मानानं पुष्कळच : "तिसरी आली. पुरे आहे." आणि मिनिटभरानं आणखी एक मेसेज : "दोन्ही नळ्या समितीला दाखवल्या. आणखी एक वर्ष. घरूनच."

मी अक्षदाला उचललं आणि खिडकीपाशीच दोन गिरक्या घेतल्या. आत्या दारात येऊन बघून गेल्या, "येडी झाली का काय," म्हणून.

"आई, काय झालं?"

"मी आता कुठंही जाणार नाही. इथंच राहणार. रोज."

"आजपण?"

"आजपण. हे बघ, ही कोण?" मी फोटो मोठा केला. "बारा नंबर. हिच्यात तुझं नाव लिहिलंय."

तिनं बोट ठेवलं. "ही मी?"

"ही तू."

"एकटी?"

"एकटी कशी? या एका नळीत कोट्यवधी जिवाणू आहेत, आणि प्रत्येकाच्या पोटात तुझ्या नावाच्या हजारो माळा."

तिचे डोळे ताटलीएवढे झाले. "तितक्या अक्षदा?"

"तितक्या."

"कुठं राहतात?"

"पुण्याला. मॅडमकडं एक ऊबदार कपाट आहे, त्यात. ते कपाट हळूहळू हलत असतं."

"पाळण्यासारखं?"

"तसंच."

ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून पडली. झोप डोळ्यांत उतरायला लागली होती. मी लॅपटॉपकडं बघितलं; दीड तास पुढ्यात होता, पूर्ण माझा. तिला गादीवर ठेवलं, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं, डोकं उघडं ठेवलं. उठणार तेवढ्यात तिनं माझं बोट धरलं.

"आई, पण तू तर रोज इथंच असणार. मग तिथल्या त्या सगळ्या अक्षदांना थापटतं कोण?"